वजा केलेला आकडा

सकाळी साडेनऊला मी लाँड्रीत कोट आणायला गेले, आणि तो कोट अजून तिथेच आहे. अकरा वाजता समितीची शेवटची बैठक होती. शेवटच्या बैठकीत सह्या होतात, सह्या करतानाचा फोटो निघतो, आणि दोन वर्षं विटक्या स्वेटरवर काढलेल्या माणसाला त्या एका दिवशी जरा बरं दिसावंसं वाटलं तर त्यात काही पाप नाही. लाँड्रीवाल्याचं बायकोशी वाजलं होतं. धुतलेले कपडे एकेक करून तो एका भिंतीवरून काढत होता आणि समोरच्या दांडीला लावत होता. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, हिला हजारदा सांगितलं की मळके गठ्ठे पलीकडच्या खोलीत या भिंतीला टेकून लावू नकोस. ही कसली भिंत, नुसता पडदा आहे, पलीकडचा वास इकडच्या धुतलेल्यांना लागतो आणि गिऱ्हाइकं मला बोलतात. मी हसले. नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने हसायचं असतं तेवढंच. आणि हसता हसता मी एकदम थबकले. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तसं. मी काउंटरला धरलं. तो विचारत होता, मॅडम, पाणी देऊ का, आणि मी चौतीस वर्षांपूर्वीच्या एका कोमट भिंतीला पाठ टेकून उभी होते, हातात चहाचा कप होता, आणि बाहेर कडाक्याची थंडी होती.

ती भिंत मला फार आवडायची, हे आधी सांगून टाकते. अणुकेंद्रात मी नोकरीला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. भाऊजींनीच लावली ती नोकरी. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. तिथे दुरुस्तीच्या टोळीत होते, पाइप, झडपा, पंप, जे गळेल ते बंद करायचं काम. माझी मेहुणी शास्त्र शिकलीय, चार माणसांचं डोकं आहे तिला एकटीला, असं साहेबांपुढे सांगून आले. मग मी बिल्ले वाचणाऱ्या विभागात बसले. तिथल्या प्रत्येक कामगाराच्या छातीवर एक छोटा बिल्ला असे, आत फिल्मचा तुकडा. महिनाभर माणूस जिथे जाईल तिथे बिल्ला जाणार, जितका किरणोत्सर्ग लागेल तितकी फिल्म काळी होणार. महिनाअखेर आम्ही ती धुवायची, काळेपणा मोजायचा, आणि वहीत त्या माणसाचा डोस लिहायचा. पण किरणोत्सर्ग तर मातीत, दगडात, आकाशातही थोडाथोडा असतोच. तो कामगाराच्या नावावर कशाला टाका? म्हणून काही कोरे बिल्ले कुणाच्याच अंगावर न देता नुसते टांगून ठेवायचे. त्यांना कंट्रोल म्हणायचं. कंट्रोलवर जो आकडा येईल तो प्रत्येकाच्या आकड्यातून वजा करायचा. तेल मोजताना आधी रिकाम्या डब्याचं वजन वजा करतात ना, तसं. एवढंच ते शास्त्र आहे, आणि त्यावर माझी अख्खी हयात गेली.

नियम असा होता की कंट्रोलचे बिल्ले कामगारांच्या बिल्ल्यांशेजारीच टांगायचे, फाटकावर. पण फाटकावरची ती शेड उघडी, तिथे ओल यायची, आणि ओल लागलेली फिल्म वाया जाते. कामगारांचे बिल्ले दिवसभर त्यांच्या अंगावर असत, ते ओलीपासून वाचायचे. कंट्रोल मात्र महिनोन् महिने तिथेच कुजायचे. मीच शहाणी. मीच म्हटलं, साहेब, आपल्या विभागातली उत्तरेची भिंत खडखडीत कोरडी आहे, कंट्रोल तिथे लावू. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी भांडारातून एक जाड खिळा मागून आणला, स्वतः स्टुलावर चढून ठोकला आणि लाकडी फळी टांगली. सहा वर्षं ती तिथे होती. भिंत कोरडी का, हे मला कधीच विचारावंसं वाटलं नाही. भिंत कोमट का, हेही नाही. आता लाँड्रीच्या काउंटरला धरून उभं राहिल्यावर मला त्याचं उत्तर इतकं सरळ दिसत होतं की ओरडावंसं वाटलं. भिंतीपलीकडे धुलाईखाना होता. कपडे वाळवायची यंत्रं होती. आणि जिथे वाळवायची यंत्रं, तिथे धुवायच्या आधीचे कपडेही पडून असणार: दुरुस्तीच्या टोळीचे, पाइपांतलं पाणी अंगावर उडालेले, गठ्ठेच्या गठ्ठे.

त्या बाजूला आमच्यापैकी कुणी जात नसे. स्वच्छ बाजू आणि मळकी बाजू अशी केंद्राची वाटणी होती, फाटकं वेगळी, रस्ते वेगळे, आणि एका बाजूच्या माणसाने दुसऱ्या बाजूला जायचं तर तीन सह्या लागत. मळक्या बाजूला जायला अर्ध्या मैलाचा वळसा होता. म्हणून डोक्यात नकाशा असा बसलेला की ती बाजू अर्ध्या मैलावर आहे. ती एका भिंतीच्या अंतरावर होती. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच, त्या धुलाईखान्यात त्यातली दोन वर्षं माझी ताई कामाला होती. रोज एकाच बसने आम्ही जायचो, बसमधून उतरून ती डावीकडे आणि मी उजवीकडे, आणि दिवसभर बहुधा एकमेकींपासून दहा पावलांवर असायचो.

घरी न जाता मी तशीच समितीच्या इमारतीकडे चालत सुटले. आता खरं ते सांगायला हवं. मला आज कळलं का? की फक्त आज कळल्यावाचून सुटका उरली नाही? कारण तेव्हा आमच्या वहीत रोज एक चमत्कार व्हायचा. पंपाखाली आठ-आठ तास आडव्या पडलेल्या माणसाचा आकडा, आणि कुठेही न गेलेल्या कोऱ्या बिल्ल्याचा आकडा, यांची वजाबाकी केली की उत्तर शून्याच्या खाली जायचं. म्हणजे कामगाराला कोऱ्या भिंतीपेक्षाही कमी लागलंय. एकदा झालं तर ठीक, फिल्मच ती, थोडं इकडेतिकडे होतं. पण महिन्याला पन्नास-साठ जणांचं? मी साहेबांकडे गेले होते, हे मला पक्कं आठवतं. साहेब म्हणाले, इथला दगडच तसा आहे गं, जमिनीतच जास्त आहे, म्हणून कंट्रोल जास्त दाखवतो. शून्याच्या खाली आलं की शून्य लिहायचं. मी शून्य लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, साहेबांच्या म्हणण्यावर खूश होऊन मी इथल्या दगडातल्या नैसर्गिक किरणोत्सर्गावर एक लेखही लिहिला. माझा पहिला छापील लेख. भाऊजींनी तो कामावर चार जणांना दाखवला, त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं तरी. मग सातव्या वर्षी धुलाईखाना नव्या इमारतीत गेला, आणि माझ्या भिंतीवरचा कंट्रोल एका महिन्यात घसरून तिसऱ्या हिश्श्यावर आला. दगड काही घर बदलून जात नाही. साहेब म्हणाले, फिल्मची नवी पेटी आलीय. मी म्हटलं, हो, नवी पेटी. चांगली आठवतेय ती संध्याकाळ मला, खिडकीबाहेर बसची रांग लागली होती आणि मला ती चुकवायची नव्हती.

भाऊजी गेले त्याला एकवीस वर्षं झाली. रक्ताचा कर्करोग. चव्वेचाळिसावं लागलं होतं. त्यांना कळलं तेव्हा त्यांनीच मला विचारलं होतं, वही बघून सांग ना माझं किती आलंय. मी बघितली. सहा वर्षांचे बहात्तर महिने, त्यातले एकसष्ट शून्य, आणि उरलेले अगदी किरकोळ. मी ताईला सांगितलं, कामाचं काही नाही हे, आकडे माझ्या हातचे आहेत. ताईने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं तिच्यात आधी सुटकाच होती. धाकटी बहीण शिकली ते कामी आलं, असं काहीतरी. तिने दावा केला नाही, कुणाच्या दारात गेली नाही, इतर बायका मोर्चात निघाल्या तेव्हा ही घरात बसून राहिली. तिच्या घरात शास्त्र होतं ना.

समितीची खोली तिसऱ्या मजल्यावर. लंबगोल टेबल, सात जण, प्रत्येकापुढे अहवालाची प्रत आणि सहीसाठी लावलेली पिवळी चिठ्ठी. केंद्रातल्या कामगारांचे आजार तिथल्या किरणोत्सर्गाने झाले का हे ठरवणारी ही समिती कशी नेमली गेली त्यावर मी स्वतः घरीदारी विनोद केलेले आहेत. काळजीचं कारण नाही असं आधी जाहीर म्हणून चुकलेला माणूस समतोल, आणि काळजीचं कारण आहे असं म्हणालेला पक्षपाती, या चाळणीतून आम्ही पडलो होतो. पहिल्या बैठकीच्या आधीच निष्कर्षाचं पान टाइप होऊन आलं होतं, 'विचारार्थ'. ते पान आणणारे खात्याचे गृहस्थ कोपऱ्यात बसत, त्यांना मत नव्हतं, त्यांच्याजवळ फक्त एक पेन्सिल होती. म्हणून आम्ही त्यांना पेन्सिलवाले म्हणायचो. चहाच्या सुट्टीनंतर वाक्यं बदललेली असायची आणि ती कुणी बदलली हे विचारणं असभ्य ठरायचं. जुन्या केंद्राशेजारी दुसरं उभारायचं होतं, त्याचं सगळं घोडं आमच्या अहवालापाशी अडलं होतं, आणि तीनशे बारा कुटुंबांच्या भरपाईच्या फाइली तो आला की कायमच्या बंद व्हायच्या होत्या. हे सगळं ठाऊक असून मी निवांत होते, कारण मला वाटायचं, राजकारण त्यांचं, आकडे माझे. शब्द कुणीही वाकवा, माझी वही सरळ आहे. दोन वर्षं एकच माणूस माझ्या वहीशी भांडत होता, रक्ताच्या आजारांचे म्हातारे डॉक्टर. ते म्हणायचे, ज्यांचा डोस शून्य आहे तेही तितकेच आजारी पडलेत, याचा अर्थ डोस निरुपद्रवी आहे असा तुम्ही काढता. मी म्हणतो, शून्यच खोटं आहे. मी दर वेळी त्यांना उभं आडवं घेतलं. माझा तो दगडांवरचा लेखही त्यांच्या तोंडावर मारला: बघा, इथल्या जमिनीतच इतकं आहे आणि गावं ठणठणीत आहेत. तो लेख अहवालाच्या तिसऱ्या प्रकरणात आहे.

मी उभी राहून सगळं सांगितलं. भिंत, फळी, धुलाईखाना, शून्याखालचे आकडे, नवी पेटी. आवाज थरथरत होता, आणि त्याची मला लाज वाटत होती, आणि लाज वाटतेय याचा राग येत होता. पिवळ्या चिठ्ठ्या पंख्याच्या वाऱ्याने हलत होत्या. मला वाटलं होतं म्हातारे डॉक्टर उसळतील, बघा म्हणतील. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. मग दोन वर्षांत पहिल्यांदाच पेन्सिलवाले बोलले. त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं की त्या भिंतीपलीकडे धुलाईखाना होता याचा काही कागद आहे का. इमारत पाडून वीस वर्षं झाली. नकाशे मिळत नाहीत. माझ्याजवळ फक्त पाठीला लागलेली ऊब होती, ती काय टेबलावर ठेवता येते? अध्यक्षांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. तसे भले गृहस्थ. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुम्ही म्हणता ते खरंही असेल, आपण परिशिष्टात घालू ना, मोजमापात काही अनिश्चितता संभवते, असं. मी म्हटलं, अनिश्चितता नाही, चूक आहे. ते म्हणाले, शब्दावरून तुटेपर्यंत ताणू नका. एका फळीसाठी तीस वर्षांचं काम उधळलं, तर उद्या बाहेर लोक काय म्हणतील, शास्त्रज्ञ म्हणजे हे असे. आणि मग, आवाज खाली आणून, तुमचाही विचार करा. तो मी करतच होते. सकाळपासून दुसरं काय करत होते? त्या क्षणी परिशिष्टातलं ते वाक्य मला पलंगासारखं वाटलं, आडवं व्हावं आणि डोळे मिटावेत. कुणाला कळणार नाही, कुणाचं नाव येणार नाही, आणि तरी मी सांगितलं असं मला मरेपर्यंत म्हणता येईल.

आत आल्यावर म्हाताऱ्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला. त्या धुलाईखान्यात काम केलेलं कुणी आज हयात आहे का? अध्यक्ष घड्याळाकडे बघू लागले. मी गप्प बसू शकले असते. 'आहे' म्हणायला मला किती वेळ लागला कोण जाणे. बैठक चार वाजेपर्यंत थांबवली. चारला काही पुरावा आला तर बघू, नाही तर परिशिष्ट आणि सह्या.

ताई दुसऱ्या मजल्यावर राहते. दार उघडंच होतं. दुपारी ती गुडघ्यांसाठी गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसते, तशी बसली होती, मांडीवर टॉवेल. आज फोटो ना तुझा, म्हणाली, आणि या अवतारात? मी खुर्ची तिच्यासमोर ओढून बसले. सरळ मुद्द्यावर येण्याची हिंमत नव्हती म्हणून धुलाईखान्याची गोष्ट काढली. तिला बरं वाटलं. त्या दिवसांबद्दल तिला कुणी विचारत नाही. ती सांगू लागली, कपडे कसे रंगाच्या पट्ट्यांवरून वेगळे करायचे, मोजे उलटे करताना कशी घाण वाटायची, शनिवारी गठ्ठे कसे छताला लागायचे. मी विचारलं, मळके गठ्ठे कुठे लावायचात? दक्षिणेच्या भिंतीला, म्हणाली, वाळवायच्या यंत्रांशेजारी, दुसरी जागाच कुठे होती. पलीकडे काय होतं त्या भिंतीच्या? ते तिला माहीत नव्हतं. पण एक आठवलं आणि ती हसायलाच लागली. एकदा पलीकडून ठोकाठोक ऐकू आली, गिलावा पडला आणि भिंतीतून एका खिळ्याचं चांगलं बोटभर टोक बाहेर आलं. तिचा हातमोजा त्यावर फाटला होता, मुकादमाने तिलाच झापलं होतं, आणि पलीकडच्या त्या मेल्याला तिने मनसोक्त शिव्या दिल्या होत्या. मग दोन वर्षं त्या टोकाला ती आपली पिशवी अडकवायची. हे सांगताना तिने पाण्यात पाय हलवले. मला रडू फुटलं.

काय झालं, काय झालं, म्हणत ती पुढे वाकली, आणि तिचा ओला हात माझ्या हातावर असतानाच मी तिला सगळं सांगितलं. खिळा कुणाचा ते सांगितलं. त्या खिळ्याला काय टांगलं होतं आणि त्यावरचा आकडा कुणाकुणाच्या आकड्यातून वजा झाला, तेही. शून्याखालच्या आकड्यांचंही सांगितलं, कारण ते वगळलं असतं तर सगळंच वगळल्यासारखं झालं असतं. तिने हात कधी काढून घेतला ते मला कळलं नाही.

"शेवटचे चार महिने हे रोज एकच म्हणायचे," ती म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, टबाकडे बघत होती. "मला तिथलंच लागलंय, म्हणायचे. आणि मी म्हणायचे, माझ्या बहिणीने मोजलंय, तुमचं शून्य आहे. स्वतःच्या सिगारेटी आठवा, उगाच दुसऱ्याच्या माथी मारू नका. खोटं बोलू नका, असंसुद्धा म्हणाले मी त्यांना. मरणाऱ्या माणसाला. मग त्यांनी बोलणंच सोडलं. मला वाटलं, पटलं त्यांना."

खाली कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती घरघरत होती आणि बंद पडत होती, आणि मी प्रत्येक वेळी मनात म्हणत होते, आता सुरू होईल, आता सुरू होईल.

"आता किती निघतो त्यांचा?" तिने विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला कळायला हवं होतं. मी समजावू लागले, की शून्याखालचे आकडे आम्ही शून्य करून टाकले, कच्चे कागद दर वर्षी रद्दीत गेले, फिल्मही उरल्या नाहीत, त्यामुळे शून्य चूक आहे एवढंच म्हणता येतं, खरा आकडा थोडा असेल, खूप असेल, आणि आजारही त्यानेच झाला असं एकट्या माणसाबद्दल कुणीच... तिने हात वर करून मला थांबवलं. तिला आकडा हवा होता. एकवीस वर्षांपूर्वी मी एका मिनिटात दिला होता.

"माहीत नाही, ताई," मी म्हटलं.

"तेव्हा तरी माहीत होतं का?"

"नव्हतं."

पाणी गार झालं असणार. मग तिने एकेक पाय उचलून पुसला, बोटांच्या बेचक्यासुद्धा, नेहमीसारखं सावकाश, आणि विचारलं की चार वाजता तिथे पोहोचायचं तर किती वाजता निघावं लागेल. मी म्हटलं, तू येऊ नकोस, तुझे गुडघे, मी लिहून घेते आणि तू खाली सही कर. ती म्हणाली, तुम्ही लोक जे लिहून घेता त्यावर मला सही करायची नाही, मी तोंडाने सांगेन. खिळ्याचंही सांगेन आणि शेवटच्या चार महिन्यांचंही. मी म्हटलं, ते चार महिने समितीला लागणार नाहीत. मला लागतात, असं म्हणून ती आत गेली. बाहेर आली तेव्हा बाहेर जायचे कपडे घातले होते आणि केस नीट विंचरले होते. मी जिन्यात आधाराला हात पुढे केला. तिने कठडा धरला.

टॅक्सी आली. मी मागचं दार उघडून आत सरकले आणि तिच्यासाठी जागा केली. तिने ते दार बाहेरून लावून घेतलं, पुढचं उघडलं आणि गुडघ्यांवर हात रेटत ड्रायव्हरशेजारी बसली. मला तिची फक्त मान दिसत होती आणि घाईत अर्धवट दुमडलेली कॉलर, जी दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हात पुढे करून सरळ केली असती. मी अध्यक्षांना फोन लावला, म्हटलं साक्षीदार घेऊन येते आहे आणि परिशिष्टातल्या वाक्यावर माझी सही होणार नाही. ते काही बोलायच्या आत ठेवून दिला. ड्रायव्हरने ताईकडे बघून विचारलं, कुठे जायचंय.

"मला पत्ता माहीत नाही," ताई म्हणाली. "मागे बसलेल्या बाईंना विचारा."